नो पार्किंगमध्ये तात्या

"यशूला विचार, गाडी कुठं आहे," दादा म्हणाला.

मी त्याच्या शेजारीच उभा होतो. इतका शेजारी, की त्यानं मान वळवली असती तर त्याचा चष्मा माझ्या कानाला लागला असता. पण त्यानं मान वळवली नाही.

"यशू, गाडी कुठं आहे?" ताईनं विचारलं.

"दादाला सांग, त्यानं लावली होती तिथं नाहीये."

"दादा, तू लावलीस तिथं नाहीये म्हणतोय."

"ते मला दिसतंय. त्याला विचार, तो गाडीत बसला होता ना? मग तो इथं आणि गाडी तिथं, असं कसं झालं?"

नाशिकला रामकुंडाच्या अलीकडं एक अरुंद रस्ता आहे. तिथं तासाभरापूर्वी आमच्या वडिलांची, तात्यांची, क्रीम रंगाची पद्मिनी उभी होती. आता तेवढ्याच मापाच्या रिकाम्या जागेत एक गाय उभी होती. तिच्या डोक्यावर 'वाहने उभी करू नयेत' अशी पाटी होती. गाईला कोणी हटकत नव्हतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. दादा आणि मी तेव्हा चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण कशावरून झालं ते मला लख्ख आठवतं, पण सांगितलं तर दादाची बाजू बरोबर वाटेल, म्हणून सांगत नाही. आम्ही दोघं संगमनेरलाच राहायचो, दोन गल्ल्या सोडून. दादा तात्यांचा छापखाना सांभाळायचा, मी पंचायत समितीत कारकून होतो. एकमेकांना काही कळवायचं असेल तर आम्ही सिन्नरला ताईला कळवायचो आणि ताई येऊन दुसऱ्याला सांगायची. हा अबोला आम्ही दोघांनीही अगदी प्रामाणिकपणे पाळला. दुसऱ्या कुठल्याच बाबतीत आमच्यात इतकं एकमत नव्हतं.

पण त्या सकाळी गाडी गेली एवढंच झालं नव्हतं. गाडीच्या मागच्या सीटवर तात्या होते. म्हणजे लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा कलश होता, आणि त्यात तात्यांच्या अस्थी. तात्या जाऊन नऊ दिवस झाले होते. दहाव्याच्या आत अस्थी पाण्यात पडायला हव्यात, आणि गुरुजींनी ताईला फोनवर बजावून ठेवलं होतं, "एकच्या आत या. पुढे पंचक लागतंय. मग मी कुंडाकडं बघणारसुद्धा नाही."

आता अकरा वाजले होते.

घडलं ते असं. दादानं गाडी लावली. ताई गुरुजींना शोधायला आधीच उतरून गेली होती. दादानं किल्ली काढली, दार उघडलं आणि समोरच्या काचेकडं बघत तो म्हणाला, "गाडीतून कोणी उतरू नये. अस्थी आहेत."

आता हे कोणाला उद्देशून होतं? गाडीत मी एकटाच होतो, पण ताई नसताना दादा माझ्याशी बोलणं शक्य नव्हतं. नियमानं ते मला ऐकू आलेलं नव्हतं. दादा गेला. मी पाच मिनिटं बसलो. मग विचार केला, की ऐकू न आलेली गोष्ट मी पाळत बसलो तर ती ऐकू आली असं होईल. म्हणून मी कलश सीटवर नीट टेकवून ठेवला, उतरलो आणि कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायलो. चहा वाईट होता.

"ताई, त्याला विचार, चहा कसा होता," दादा म्हणाला.

"विचारणार नाही," ताई म्हणाली. "आधी गाडी शोधा."

गाईच्या पायांपाशी रस्त्यावर खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं. गाडी उचलली, की वाहतूकवाले तिथं गाडीचा नंबर आणि ती कुठं नेली ते लिहून ठेवतात, एवढं मला माहीत होतं. पण कुंडावरून ओल्या पायांनी येणाऱ्या लोकांनी ते पुसून टाकलं होतं. नंबरातला एक तीन तेवढा शिल्लक होता.

कडेला फुलांच्या परड्या घेऊन एक बाई बसली होती. तिला ताईनं विचारलं.

"ती पांढरी गाडी ना? नेली की उचलून," बाई म्हणाली. "चौघं आले, पुढची चाकं वर टांगली न् नेली. मी वरडले, आत कोन हाय का ते तरी बघा! ते म्हनले, कोन नाय."

दादानं डोळे मिटले.

"कुठं नेली?" ताईनं विचारलं.

"कुठं म्हंजे? चौकीच्या मागं. रोजच नेत्यात. तुमच्यासारखे रोजच येत्यात." मग तिनं आम्हा दोघांकडं पाहिलं. "ह्ये भाऊ हायेत का एकमेकाचे?"

"आहेत," ताई म्हणाली.

"वाटलंच," बाई म्हणाली.

ठरलं ते असं, की ताईनं घाटावर गुरुजींना धरून ठेवायचं, नाहीतर ते दुसरे यजमान घेतील. आम्ही दोघांनी जाऊन गाडी सोडवून आणायची. ताई म्हणाली, "यशू, मी येऊ का चौकीवर? मला—"

"तू गुरुजींना सोडू नकोस," मी म्हणालो.

"गुरुजींना सोडू नकोस," दादाही म्हणाला. पण तो ते तिला म्हणाला. मला पाठिंबा दिला असं नाही.

रिक्षात आम्ही दोन टोकांना बसलो. दादानं रिक्षावाल्याला चौकीचा पत्ता सांगितला. मग मी त्यालाच तोच पत्ता सांगितला, कारण माझ्यापुरता तो अजून कोणी सांगितलेला नव्हता. रिक्षावाल्यानं आरशात आमच्याकडं पाहिलं आणि चौकी येईपर्यंत तोही कोणाशी बोलला नाही.

त्या चौकीचं नाव मी सांगत नाही. त्यांची चूक नव्हती, म्हणूनच सांगत नाही. मागं तारेचं कुंपण घातलेलं मैदान होतं, त्यात बाभळीखाली वीस-पंचवीस गाड्या उन्हात उभ्या होत्या. पद्मिनी कडेलाच होती. तिच्या मागच्या काचेतून लाल फडक्याची गाठ दिसत होती. दादा कुंपणाशी गेला आणि तार धरून उभा राहिला. मी त्याच्यापासून चार खांब सोडून तार धरून उभा राहिलो.

"तार सोडा," मागून आवाज आला. "प्रदर्शन नाही ते."

हवालदार गांगुर्डे. छातीवर नाव होतं. पन्नाशीचा, बारीक, आणि डोळ्यांत नुकतीच झोपमोड झाल्याचा राग. नंतर कळलं, की तो राग कायमचाच होता. टेबलावर रजिस्टर उघडं होतं आणि त्यात तो पट्टीनं रेघा मारत होता.

"कोणती?"

"ती क्रीम पद्मिनी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"कोणाची?"

"माझी," दादा म्हणाला.

"माझी," मी म्हणालो.

गांगुर्डेंनी पट्टी खाली ठेवली.

"एक गाडी, दोन मालक. पार्किंगची अक्कल मात्र एकालाही नाही. कोणी लावली?"

"मी लावली," दादा म्हणाला. "पण गाडीत माणूस बसवून गेलो होतो. यांना विचारा ते का उतरले."

"यांना म्हणजे कोणाला?"

"यांना."

"तुमच्या समोर उभे आहेत. तुम्ही विचारा."

"मी नाही विचारणार."

गांगुर्डे माझ्याकडं वळले. "तुम्ही का उतरलात?"

"यांना सांगा, मला उतरू नको असं कोणी सांगितलंच नव्हतं."

"यांना सांगा, मी स्पष्ट सांगितलं होतं."

"यांना विचारा, कोणाला?"

"ए!" गांगुर्डेंनी पट्टी टेबलावर आपटली. "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे? एकमेकांना काय लागता तुम्ही?"

"कोणी नाही," दादा म्हणाला.

"भाऊ," मी म्हणालो.

"सख्खे?"

"हो."

"दिसतंच आहे. आरसी बुक?"

"गाडीत आहे. ग्लोव्ह बॉक्समध्ये," दादा म्हणाला.

गांगुर्डेंनी एका शिपायाला पाठवलं. शिपाई परत आला आणि त्यानं टेबलावर एक फणी, अडकित्ता आणि दोन वर्षांपूर्वीचं पंचांग ठेवलं. आरसी बुक नव्हतं.

"गाडी नावावर कोणाच्या आहे?"

"आमच्या वडिलांच्या."

"मग त्यांना घेऊन या. मूळ मालक आल्याशिवाय गाडी सुटत नाही."

दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. पण मला कळलं, की आत्ता काय बोलायचं ते त्यालाही कळत नाहीये. चार वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला एकच अडचण आली होती.

"मालक गाडीतच आहेत," मी म्हणालो.

"काय?"

"मागच्या सीटवर. लाल फडक्यात."

गांगुर्डे उठले. कुंपणाचं फाटक उघडून गाडीपाशी गेले, काचेला डोळे लावून पाहिलं. टोपी काढली. मग पुन्हा घातली आणि परत आले. जाताना होते त्यापेक्षा येताना जास्त चिडलेले होते.

"बाप गाडीत ठेवून चहा प्यायला जाता?"

"हेच," दादा म्हणाला. "अगदी हेच मी—"

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही नो पार्किंगमध्ये ठेवला." त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि बोट एका ओळीवर ठेवलं. "हे बघा काय लिहून बसलोय मी. स्टेपनी एक, छत्री एक, तांब्या फडक्यासह एक. आता हे खोडायचं कसं?"

"खोडू नका," मी म्हणालो. "साहेब, गाडी राहू द्या. तेवढा कलश द्या. एकच्या आत रामकुंडावर पोहोचायचं आहे. नंतर पंचक लागतंय."

"गाडीतली वस्तू गाडीबरोबरच जाते. आणि समजा दिली, तर कोणाकडं देऊ?"

दोघांचेही हात पुढं आले.

"बघा," गांगुर्डे म्हणाले.

मी पंचायत समितीत पंधरा वर्षं अर्ज परत पाठवण्याचं काम केलं होतं. त्यामुळे समोरच्या माणसाबद्दल मला एव्हाना आदर वाटू लागला होता. तो नाही म्हणत नव्हता. तो फक्त एकेक कागद कमी पडतोय असं दाखवत होता. हे काम सोपं नसतं.

"मालक मयत," गांगुर्डे म्हणाले. "म्हणजे गाडी वारसाला. वारस दोन, आणि दोघांत वाद. वाद असेल तर कोर्टात जा, मी गाडीला हात लावणार नाही. वाद नसेल तर दोघांपैकी एकानं लिहून द्यायचं, की माझा या गाडीवर हक्क नाही. दुसऱ्याला गाडी देतो, कलश त्याच्याबरोबर. पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी एक कोरा कागद टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

कागद तसाच राहिला.

"यांना सांगा," दादा म्हणाला, "तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर मी त्यांना डॉक्टरकडं नेलं-आणलं. तेव्हा पट्टीखालून ते म्हणाले होते, मधू, माझ्यामागं ही गाडी तू वापर. माझे शब्द नाहीत, त्यांचे आहेत."

"यांना सांगा, पट्टी होती तर समोर कोण आहे ते तात्यांना दिसत नव्हतं," मी म्हणालो. "मला त्यांनी डोळे उघडे असताना सांगितलंय. नांदूर घाटात पंक्चर काढलं तेव्हा. यशू, तू चालवतोस तेव्हा इंजिन कुरकुर करत नाही, ही तुझ्याकडंच बरी."

"यांना सांगा, इंजिन कुरकुर करत नाही कारण हे ती वीसच्या वर नेतच नाहीत."

"यांना सांगा, ब्रेक कशाला म्हणतात ते यांनी आधी शिकावं."

"यांना सांगा, आजारपणात तात्यांना कोण बघत होतं!"

"यांना सांगा, बघू कोण देत नव्हतं!"

हे दोन्ही गांगुर्डेंच्या डोक्यावरून गेलं, कळलं नाही या अर्थानं नव्हे, खरोखरच डोक्यावरून. कारण ते खाली वाकून रेघा मारत होते. बाहेर बाभळीखाली पद्मिनीचा टप उन्हानं तापून चमकत होता. मला एकदम वाटलं, काचा बंद आहेत. तात्यांना बंद काचा चालत नसत. पावसाळ्यातसुद्धा चार बोटं खाली ठेवायचे.

सव्वाबारा वाजले.

मग मी कागद पुढं ओढला.

इथं मी मोठ्या मनानं वागलो असं कोणाला वाटेल, म्हणून सांगून टाकतो. माझ्या मनात होतं ते असं: मी हक्क सोडला, की दादा जन्मभर त्या गाडीत बसेल आणि दर वेळी किल्ली फिरवताना त्याला आठवेल, की ही यशूनं सोडलेली गाडी आहे. तो एकदाही सुखानं हॉर्न वाजवू शकणार नाही. माझ्या मते हे गाडीपेक्षा पुष्कळ जास्त होतं. तात्याही पाण्यात पडतील. मी लिहिलं, 'माझा या वाहनावर कोणताही हक्क नाही व पुढेही राहणार नाही,' खाली सही ठोकली, आणि कागद गांगुर्डेंपुढं सरकवला.

"यांना सांगा, घ्या गाडी," मी म्हणालो. "मला लागत नाही."

दादानं तो कागद वाचला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकात त्याच्यापेक्षा जास्त मार्क दिसले की व्हायच्या तशाच.

"कोरा कागद द्या," तो म्हणाला.

"कशाला?" गांगुर्डेंनी विचारलं. "तुमचं काम झालं. तुम्ही फक्त ताबा घेतल्याची—"

"कागद द्या."

त्यानं उभ्यानंच लिहिलं. छापखान्यातलं अक्षर, एकेक टाइप जुळवल्यासारखं. 'माझाही या वाहनावर कोणताही हक्क नाही. मी कोणाचे उपकार घेत नाही.' सही, तारीख, आणि खाली दोन रेघा.

गांगुर्डेंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली माझी," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता, आणि तो आधीच्या ओरडण्यापेक्षा वाईट होता. "गाडीसाठी भांडणारे रोज बघतो. पण दोघांनी मिळून गाडी बेवारस केली, हे आजच बघतोय. मालक मयत, दोन्ही वारसांनी हक्क सोडला. आता ही गाडी सरकारची. तीन महिने मैदानात, मग लिलाव. आतल्या सामानासकट."

"सामानासकट म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तांब्या फडक्यासह एक."

"साहेब, ते माझे वडील आहेत," दादा म्हणाला.

"माझा कागद परत द्या," मी म्हणालो.

"माझाही," दादा म्हणाला.

"आवक झाली," गांगुर्डे म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही कागदांवर शिक्के मारले. पंधरा वर्षं मी हेच करत आलो होतो. समोरच्या माणसाला ते कसं लागतं, ते मला कधी बघायला मिळालं नव्हतं.

साडेबाराला पाच मिनिटं होती तेव्हा फाटकाशी एक स्कूटर थांबली. पुढं गुरुजी, उघडेबंब, उपरणं वाऱ्यावर. मागं ताई, पर्स छातीशी धरून.

"काय चाललंय?" ताईनं विचारलं. "गुरुजी निघाले होते. मी म्हटलं, निघताच आहात तर मला इथं सोडा."

"ताई, याला सांग—" दादा म्हणाला.

"दादाला सांग—" मी म्हणालो.

"बाई, तुम्ही कोण?" गांगुर्डेंनी विचारलं.

"बहीण."

"यांची दोघांची? आणि एकटी सांभाळता?" त्यांनी मानेनंच तिला खुर्ची दाखवली. आम्ही तासभर उभे होतो. "बाई, तुमच्या भावांनी ही गाडी सरकारला दिलेली आहे. दोघांनी. लेखी."

ताईनं दोन्ही कागद वाचले. आधी माझा, मग दादाचा. दादाच्या शेवटच्या ओळीवर ती जराशी थांबली. मग तिनं पर्स उघडली, आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आरसी बुक काढलं आणि गांगुर्डेंच्या पुढं ठेवलं.

गांगुर्डेंनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं. "सौ. कुंदा अरविंद निमोणकर. हस्तांतरण जून शहाण्णव." त्यांनी वर पाहिलं. "या कोण?"

"मी," ताई म्हणाली.

गांगुर्डेंनी आमचे दोन्ही कागद उचलले, एकदा पुन्हा वाचले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं दिसलं.

"म्हणजे यांनी नसलेला हक्क सोडला," ते म्हणाले. "हे फायलीला लावतो. पोरांना दाखवायला होतील."

ताईनं दंड भरला, सही केली. तिच्या पर्समधूनच दुसरी किल्ली निघाली. ती थेट ड्रायव्हरच्या दाराकडं गेली तेव्हा दादा मागून म्हणाला, "अगं, पण तुला कुठं येते चालवायला?"

तिनं चारही काचा चार-चार बोटं खाली केल्या. मग मागचा कलश उचलून पुढच्या सीटवर ठेवला आणि हलू नये म्हणून पर्सनं टेकू दिला.

"कलश मांडीवर घ्यायला हवा," दादा म्हणाला. "मी थोरला आहे. मी घेतो."

"ताई, येताना कलश माझ्याकडं होता," मी म्हणालो. "दादाला सांग, जातानाही—"

ताईनं एकदा दादाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग किल्ली फिरवली. गाडी अशी सुरू झाली, की मला पहिल्यांदा कळलं, तिचं इंजिन माझ्याकडंही कुरकुर करायचं. फाटकातून एकाच वळणात तिनं गाडी बाहेर काढली. गुरुजींची स्कूटर मागोमाग गेली.

आम्ही दोघं धुळीत उभे राहिलो.

"रिक्षा डावीकडं मिळतील," गांगुर्डे खिडकीतून म्हणाले. "एकच करा. दोन केल्या तर तुम्हाला आतच टाकीन."

कुंडावर पोहोचलो तेव्हा माझ्या घड्याळात एकला दोन मिनिटं होती. दादा चपलांसकट पायऱ्या उतरला. मी त्याच्या मागं. ताई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. गुरुजी काठावरून मंत्र म्हणत होते. "थांब!" दादा ओरडला. तिनं वळून पाहिलं नाही. कलश तिरपा केला, आणि तात्या पाण्यात उतरले. थोडी राख तिच्या हिरव्या बांगड्यांना चिकटली होती, ती तिनं पाण्यात हात हलवून सोडवली.

"मुलीच्या हातून?" दादा गुरुजींना म्हणाला.

"अहो, एकला दोन मिनिटं होती," गुरुजी म्हणाले. "आणि हात हिचेच इथं होते."

ताई पायरीवर बसून पदर पिळत होती. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो. काही बोलायचं म्हटलं तर बोलायचं तिलाच होतं, आणि नेमकं तेच जमेना.

"तुला शिकवलं कोणी?" मी शेवटी विचारलं.

"तात्यांनी. दर रविवारी सिन्नरला यायचे ना."

आम्हाला वाटायचं, तात्या तिच्याकडं हवापालट म्हणून जातात.

"पण मला ते स्वतः म्हणाले होते," दादा म्हणाला.

"मलाही," मी म्हणालो.

"म्हणाले असतील. तुम्ही दोघं त्यांना दर भेटीत विचारत होतात. काहीतरी म्हणायला नको?"

"मग तुलाच का?" दादानं विचारलं. तक्रारीनं नव्हे. बहुतेक नव्हे.

ताईनं पिळलेला पदर झटकला. थेंब दोघांच्याही अंगावर आले.

"नावावर करून दिली तेव्हा मीही विचारलं. तर म्हणाले, त्या दोघांचे निरोप घेऊन सिन्नर-संगमनेर तुलाच करावं लागतं. कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं. एसटीत किती वर्षं उभी राहून येशील?"

ती उठली.

"मी कधी बोलले नाही. सुतकात काय गाडीचं बोलायचं. सकाळी चौकीवर येते म्हटलं, तर दोघांनी गप्प केलंत." तिनं रिकामा कलश फडक्यात बांधला. "आता माझं येणं-जाणं बंद. काय सांगायचं असेल ते एकमेकांना सांगा. नसेल सांगायचं तर नका सांगू. मला कळवू नका."

ती गाडीकडं गेली. सिन्नर आमच्याच वाटेवर होतं. तिनं 'बसा' म्हटलं नाही.

दुपारच्या संगमनेर गाडीला गर्दी होती. दादानं बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून दोघांची सीट धरली, आत चढला, खिडकीशी बसला आणि शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली. मी त्याच्याच सीटचा दांडा धरून उभा राहिलो, कारण उभं राहायला दुसरीकडं कुठंच जागा नव्हती. कंडक्टर म्हणाला, "पिशवीचं तिकीट काढलंय का?" दादा म्हणाला, "काढलंय." त्यानं खरंच दोन काढली होती.

सिन्नर गेलं. स्टँडवर मी उगीचच बाहेर क्रीम रंगाची गाडी दिसते का ते पाहिलं. बस पुन्हा हलली तेव्हा दादानं पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग बाहेर बघतच म्हणाला,

"पाय दुखत असतील तर बस."

ताई नव्हती. त्याच्या पलीकडं खिडकीशिवाय कोणी नव्हतं. चार वर्षांत तो माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

"दुखत नाहीत," मी म्हणालो.

आणि संगमनेरपर्यंत उभा राहिलो. फार दुखत होते.